बाळाच्या डोक्यावरची काचेची पेटी

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या पानावर आमच्या विभागाकडून लागणीचे, खोडव्याचे, बेणेप्रक्रियेचे, फार तर हुमणीचे लिहून यावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. आम्ही शेतकी पदविकेचे माणूस. डॉक्टरी हा आमचा विषय नव्हे. तरीही यंदा हंगामापूर्वीच्या अंकात एका वेगळ्या विषयावर लिहिण्याची परवानगी आम्ही संपादक मंडळाकडे मागितली. ती का, ते आधी सांगतो.

दोन हंगामांमागची गोष्ट. दारव्हा-दिग्रस रस्त्याच्या अंगाला एका सभासदाच्या शिवारात आपल्याच जिल्ह्यातल्या तांड्यावरची टोळी उतरली होती. माघातली थंडी. सकाळी तोडीची नोंद घ्यायला आम्ही फडावर गेलो, तर मुकादम म्हणाला, एक कोयता आज कमी आहे, रात्री कोपीतच बाळंतपण झालं. दिवस पुरे भरले नव्हते, आठवा महिना होता. आम्ही कोपीच्या तोंडाशी जाऊन पाहिले. लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेले एवढेसे लेकरू. दर श्वासाला बारीक कण्हत होते. आम्हांला वाटले, भुकेने कुरकुरते आहे. 'गरम कपड्यात ठेवा, दूध पाजा' असे सांगून आम्ही पुढच्या प्लॉटवर निघून गेलो. अकराच्या सुमारास परत आलो तेव्हा त्याच्या बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडत होता आणि ओठ जांभळट झाले होते. मग मात्र जीप काढली. त्या मधल्या तीन तासांचा हिशेब आमच्याच नावावर आहे, दुसऱ्या कुणाच्या नाही.

दवाखान्यात बाळाला उबेखाली ठेवून त्याच्या डोक्यावर काचेसारखी पारदर्शक पेटी पालथी घातली आणि तिच्यात ऑक्सिजनची नळी सोडली. वजन भरले एक किलो सातशे ग्रॅम. थोड्या वेळाने बाळाची आजी आत गेली. ती ते पाहून जी बाहेर आली, ती आमच्यावर तुटूनच पडली : "साहेब, लेकराचं तोंडच झाकून टाकलं यायनं! आता श्वास कुठून घेईन थे?" सिस्टर समजावून गेली. तिची पाठ वळली की आजी हळूच जाऊन पेटी एका बाजूने उचलून धरायची, लेकराला 'हवा लागावी' म्हणून. तिसऱ्यांदा सिस्टरने पाहिले तेव्हा मोठा कल्लोळ झाला. घरच्यांचा निर्णय होत आला होता, की स्वतःच्या जबाबदारीवर लेकरू घरी न्यायचे. "ऑक्सिजन लावला म्हणजे संपलंच ना साहेब," असे बाप म्हणत होता.

त्या दिवशी आम्हांला त्याला काही सांगता आले नाही, कारण आम्हांलाच काही ठाऊक नव्हते. नंतर डॉक्टरांना विचारून, वाचून, जे समजले ते येथे मांडतो आहोत. आपल्या टोळ्यांत, आपल्या घरांत, सुनालेकींच्या बाळंतपणात ही पेटी केव्हा समोर येईल सांगता येत नाही.

प्रथम शब्दाचा घोळ मिटवू. आपण सरसकट म्हणतो, 'पोराला पेटीत ठेवलं आहे.' पण पेट्या दोन आहेत. एक ती, जिच्यात अख्खे बाळ मावते. तिचे मुख्य काम ऊब देणे; तिला इन्क्युबेटर म्हणतात. (वरून उघडा, डोक्यावर तापणारी कांडी असलेला पाळणा म्हणजे वॉर्मर, कामाने तो तिचाच भाऊ.) दुसरी पेटी लहान, फक्त डोक्यापुरती. तिला ऑक्सिजन हूड म्हणतात. जाड पारदर्शक प्लास्टिकचा डबा; मानेसाठी एका बाजूला अर्धगोल खाच, मागे किंवा बाजूला नळी बसवायचे छिद्र, काहींना वर झाकण. यंत्र म्हणावे असे तिच्यात काहीच नाही, पंखा नाही की मोटर नाही. बाळाच्या नाकाभोवतीची हवा बदलणे एवढेच तिचे काम.

आपण जी हवा घेतो तिच्यात ऑक्सिजन शेकडा २१. निरोगी फुफ्फुसाला तेवढा पुरतो. फुफ्फुस आजारी असेल तर त्याच हवेतून रक्तात पुरेसा उतरत नाही. मग हवेतच त्याचे प्रमाण वाढवायचे, तीस करायचे, चाळीस करायचे, लागल्यास आणखी वर न्यायचे. रोगावर तो इलाज नव्हे. रोग उतरेपर्यंत किंवा फुफ्फुस पिकेपर्यंत मेंदू आणि हृदय तगवून धरायचे, एवढाच त्याचा हेतू. चिबड जमिनीतला ऊस आपण सर्वांनी पाहिला आहे. पाणी आहे, खत आहे, तरी पाने पिवळी पडतात आणि बेण्याचा डोळा कुजतो, कारण मुळांना श्वास नाही. चर काढून निचरा करेपर्यंत पीक कसेबसे जगवायचे असते. बाळाचेही तसेच.

आठव्या महिन्यातल्या बाळाचे नेमके काय अडते तेही समजून घेण्यासारखे आहे. पोटात असताना बाळाची फुफ्फुसे हवेने नव्हे, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असतात. ऑक्सिजन नाळेतून मिळतो. जन्मल्याबरोबर पहिल्या काही श्वासांत तो द्रव मागे सारून हवा आत शिरावी लागते. पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळालाही रक्तातला ऑक्सिजन नव्वदीच्या घरात यायला जन्मानंतर पाच-दहा मिनिटे लागतात. म्हणून जन्मताच जरा निळसर दिसले तर घाबरून जायचे नसते. काही बाळांचा द्रव शोषला जायला एक-दोन दिवस लागतात, विशेषतः शस्त्रक्रियेने झालेल्यांचा. ती बाळे जोरजोरात श्वास घेतात आणि थोड्याशा ऑक्सिजनवर बहुधा निभावतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची अडचण मात्र निराळी आहे. फुफ्फुसात मोहरीहून बारीक असे लाखो फुगे असतात. श्वास सोडल्यावर ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना आतून साबणासारख्या पदार्थाचा लेप असतो, त्याला सरफॅक्टंट म्हणतात. तो पुरेसा तयार होतो साधारण चौतिसाव्या आठवड्यानंतर. त्याआधी जन्मलेल्या बाळाचे फुगे दर श्वासाला मिटतात, आणि ते पुन्हा उघडायला बाळ सारे बळ लावते. बरगड्यांखाली खड्डा पडतो तो त्यामुळे. आणि जे कण्हणे आम्हांला भुकेचे वाटले, ते वस्तुतः फुगे मिटू नयेत म्हणून बाळ घसा आवळून श्वास अडवून धरत होते त्याचा आवाज होता.

हे कोडे १९५९ साली मेरी एलन एव्हरी या अमेरिकन डॉक्टर बाईने उलगडले. उलगडा झाला म्हणून इलाज लगेच सापडला असे नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे आधी, वजन दोन किलोच्या थोडे वर. श्वासाचा हाच आजार. बोस्टनला नेऊन मोठ्या दाबाच्या ऑक्सिजनच्या खोलीत ठेवले. दोन दिवसही पुरे झाले नाहीत, बाळ गेले. जगातली सगळी सत्ता बापाच्या हाती होती, पण विद्या अजून तेथवर पोचली नव्हती. आज त्या वजनाची, तेवढ्या दिवसांची बाळे जिल्ह्याच्या ठिकाणी वाचतात. आधी कळले तर बाळंतपणापूर्वीच आईला इंजेक्शने देऊन बाळाची फुफ्फुसे लवकर पिकवता येतात. आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या तर कोपीत वाट पाहत न बसता दवाखाना गाठायचा तो याचसाठी.

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. पेटीत बाळ गुदमरते का? आम्ही डॉक्टरांना हे विचारले तेव्हा हसून उडवून लावतील असे वाटले होते. तसे झाले नाही. ते म्हणाले, आजीची भीती अगदीच खोटी नाही. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी आपण कंदील सोडून पाहतो, पेव उघडल्यावर लगेच आत उडी मारत नाही. कोंडलेल्या जागेत वाईट हवा साचते हे आपल्या लोकांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. पेटीतही बाळाने सोडलेली हवा साचू शकते. तिला बाहेर ढकलायचे काम नळीतून येणारा प्रवाह करतो आणि मानेच्या फटीतून ती निघून जाते. म्हणून पेटीला प्रवाह जोराचा लागतो, बाळाच्या दर किलो वजनामागे मिनिटाला दोन ते तीन लिटर, आणि बाळ कितीही लहान असले तरी पाच लिटरच्या खाली सहसा नाही. मानेभोवतीची फट कापड कोंबून बुजवायची नाही. आणि सिलिंडर संपला, नळी निसटली, तर पेटी ताबडतोब काढून सिस्टरला हाक मारायची. प्रवाह नसलेली पेटी म्हणजे नुसते झाकण.

प्रवाह नीट असताना मात्र आजी जे करत होती त्याने उलट नुकसान होते. पेटी उचलली की साचवलेला ऑक्सिजन क्षणात बाहेर पडतो, आणि पुन्हा पहिल्या पातळीवर यायला काही मिनिटे जातात. थंड, कोरडा वायू थेट तोंडावर आला तर बाळ गारठते, नाक सुकते. म्हणून तो पाण्यातून, शक्यतो कोमट व ओलसर करून सोडतात. आत किती ऑक्सिजन आहे ते मोजायचे झाले तर मोजणी बाळाच्या नाकाजवळ करावी लागते, कारण ऑक्सिजन हवेपेक्षा किंचित जड असल्याने पेटीच्या तळाशी आणि माथ्याशी प्रमाण सारखे नसते.

या पेटीचे गुण आहेत. नाकात काही खुपसावे लागत नाही, चेहरा दिसत राहतो, अंग मोकळे असल्याने सिस्टरला सुई-सलाईन करता येते. दोषही आहेत. पाजायचे, पुसायचे म्हटले की ती काढावी लागते. वर्षभराच्या वरची मुले तिच्यात राहत नाहीत. आणि ऑक्सिजन फार खाते. यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने आपल्यासारख्या ठिकाणांसाठी पेटीऐवजी नाकाशी लावायची दोन टोकांची बारीक नळीच पसंत केली आहे. नवजात बाळाला तिच्यातून मिनिटाला अर्धा ते एक लिटर पुरतो.

हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला आहे, तेव्हा करूनच पाहू. दवाखान्यातला मोठा सिलिंडर सुमारे सात हजार लिटरचा. पेटीला पाच लिटर धरले तर तो चौदाशे मिनिटे चालेल, म्हणजे दिवसही पुरा नाही, तेवीस तास वीस मिनिटे. तोच नाकाच्या नळीने अर्ध्या लिटरवर चालवला तर चौदा हजार मिनिटे, म्हणजे साडेनऊ दिवसांच्या वर. गाडीत ठेवतात तो दीड हजार लिटरचा सिलिंडर पेटीवर पाच तास जाईल. दारव्ह्याहून यवतमाळ सुमारे चाळीस किलोमीटर, तेथवर तो पुरून उरेल; पण तेथून नागपूरला जायचे ठरले, वाटेत गाडी अडली, तर हिशेब जवळ यायला लागतो. निघण्यापूर्वी काटा पाहून घ्या, म्हणतो ते यासाठी.

सबब, दवाखान्यात पेटी न लावता नुसती नळी लावली तर 'गरिबाच्या लेकराला पेटी नाही दिली' असा ग्रह करून घेऊ नये. आम्ही असेही सभासद पाहिले आहेत जे अभिमानाने सांगतात, 'आमच्या नातवाला आठ दिवस काचेची पेटी होती!' पेटी मोठी म्हणून इलाज मोठा, असे काही नाही. नळीनेही भागत नसेल तर त्याच्या पुढची पायरी म्हणजे बबल सीपॅप. नाकाला घट्ट बसणारी नळी, आणि तिचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत पाच-सहा सेंटिमीटर बुडवलेले. त्या पाण्याच्या दाबाने फुगे मिटत नाहीत. बाटलीत सारखे बुडबुडे येत असतात. ते पाहून 'हे काय खेळणं लावलं' असे कुणी म्हणाले तर त्यांना हे सांगावे.

आता जो भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो. ऑक्सिजन जास्त झाला तर काय होते?

युरिया पिकाला लागतो, म्हणून एका सरीत पोते रिकामे करणारा शेतकरी आपल्यात नाही. ऑक्सिजनही मात्रेतच द्यायचे औषध आहे, आणि हे कळायला जगाला मोठी किंमत मोजावी लागली. १९४२ साली बोस्टनचे डॉक्टर थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांत येणाऱ्या एका नव्याच आंधळेपणाचे वर्णन केले. चमत्कारिक गोष्ट अशी की तो चांगल्या, सुसज्ज दवाखान्यांत जास्त आढळत होता. १९५१ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी दाखवले की जेथे ऑक्सिजन सढळ हाताने दिला जातो तेथे आंधळी बाळे जास्त; जेथे त्याचा खर्च पालकांवर पडतो, म्हणून जपून दिला जातो, तेथे कमी. मग १९५३ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून तुलना केली. त्या पाहणीला नाव होते 'सहकारी अभ्यास'. (सहकार फक्त साखरेतच असतो असे नाही!) पुढच्या वर्षी निकाल लागला : गरज नसता दिलेला जादा ऑक्सिजन डोळ्याच्या पडद्यातल्या कोवळ्या रक्तवाहिन्या बिघडवतो. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती. प्रसिद्ध अमेरिकन गायक स्टीव्ही वंडर, जन्म १९५०, हा त्यांपैकीच एक.

पुढे गाडी दुसऱ्या टोकाला गेली. ऑक्सिजनची इतकी धास्ती बसली की ज्यांना खरोखर हवा होता त्यांनाही तो हात आखडून दिला गेला आणि बरीच बाळे श्वासावाचून गेली. सुवर्णमध्य सापडायला वेळ लागला. आज बोटाला किंवा तळपायाला लाल दिव्याची पट्टी लावतात, ते ऑक्सिमीटर. कोरोनात ते घरोघरी पोचले. त्याचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन चालू असताना आकडा नव्वद ते पंचाण्णवच्या दरम्यान ठेवायचा असतो. शंभर दिसला की घरचे खूष होतात आणि सिस्टर प्रवाह कमी करते. मग भांडण होते : 'चांगला शंभर होता, कमी कशाला केला?' सिस्टर बरोबर असते, बाप्पा! तिला तिचे काम करू द्या.

चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाची डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत झालीच पाहिजे, आणि अगदीच बारीक बाळांची त्याहून लवकर. बाहेरून डोळा टपोरा, सुंदर दिसतो. आत काय चालले आहे ते आईला कळत नाही. वेळेवर सापडले तर लेसरने दृष्टी वाचवता येते. वेळ गेली की मग कुणाच्याच हाती काही राहत नाही.

ऑक्सिजन येतो कोठून, याचा एक धागा थेट आपल्या धंद्यात येतो. २०२१ च्या उन्हाळ्यात ऑक्सिजनसाठी लोक दारोदार फिरत होते, हे कुणी विसरले नसेल. त्या वेळी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या वतीने शरद पवार यांनी साखर कारखान्यांना ऑक्सिजननिर्मितीत उतरण्याचे आवाहन केले, आणि मे महिन्यात चोराखळी येथील धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून ऑक्सिजन काढला. हे जमले कसे? इथेनॉलमधला पाण्याचा शेवटचा अंश काढायला आसवनीत मॉलिक्युलर सीव्ह असते, म्हणजे बारीक छिद्रांच्या दाण्यांनी भरलेली टाकी. पाणी दाण्यांत अडकते, मद्यार्क पुढे जातो. दाणे बदलले आणि दाबाने हवा सोडली की नायट्रोजन अडकतो आणि शेकडा ९० च्या वर ऑक्सिजन बाहेर येतो. दवाखान्यांच्या आवारात त्या काळात उभे राहिलेले प्रकल्प आणि खाटेशेजारचे घरघरणारे कॉन्सन्ट्रेटर यंत्र याच तत्त्वावर चालते. कॉन्सन्ट्रेटरला मात्र वीज लागते. भारनियमनाच्या मुलखात शेजारी भरलेला सिलिंडर हवाच.

आग हा विषय टाळून चालणार नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. पण तो जेथे आहे तेथे ठिणगी भडका होते. विजेची जोडणी आणि देखरेख हे दवाखान्याचे काम, ते त्यांनी करावे. घरच्यांच्या हातात आहे ते असे : त्या खोलीच्या आसपास बिडी-काडी नाही, अंगाऱ्यासाठी उदबत्ती पेटवणे नाही, भिंतीच्या बटणावर मोबाईल चार्जिंग नाही. बाळाच्या टाळूला तेल चोपडून त्याला ऑक्सिजनमध्ये ठेवायचे नाही, आणि तेलकट हाताने सिलिंडरच्या चावीला हात लावायचा नाही. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन यांचे वैर आहे.

पण हे सारे दवाखान्यात पोचल्यानंतरचे. पोचायचे केव्हा, हे कोण सांगणार? याचे उत्तर आपल्या विदर्भातच सापडले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ पासून खेड्यातल्या, कमी शिकलेल्या माणसांना लेकराचे श्वास मोजायला शिकवले. मोजता न येणाऱ्या दाईंसाठी मणी आणि मिनिटाची वाळू असलेले साधे श्वासमापक केले. पुढे गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायला शिकवले, आणि ३९ गावांत पहिल्या महिन्यातला बालमृत्यू हजारी ६२ वरून १९९७-९८ पर्यंत २५ च्या आसपास आला. तेच काम २०११ पासून आशाताई देशभर करतात. बाळंतपणानंतर ४२ दिवसांत त्यांच्या ठरलेल्या फेऱ्या असतात. टोळी फडावर असते तेव्हा तिची आशा मात्र गावी राहते. नेमकी ही फट आपल्याला बुजवायची आहे.

श्वास मोजायला शिक्षण लागत नाही. बाळ शांत असताना पोट उघडे करून पूर्ण मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ किंवा जास्त, वर्षापर्यंत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस. त्यावर गेले तर दवाखाना. बरगड्यांखाली खड्डा, कण्हणे, जीभ निळी, दूध ओढत नाही, तळपाय गार, यांतले एकही दिसले तर मोजत बसू नका, निघा. धुरी देऊ नका. ओव्याच्या धुराने कोपीतल्या लेकराचा श्वास सुटत नाही, उरलासुरला अडतो. आणि पोटावर बिब्याचे नाहीतर विळ्याचे चटके देणे तर क्रूरच. मेळघाटातल्या अशा बातम्या वाचून आपण हळहळतो; आपल्या तालुक्यात ते कधीच होत नाही असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

निघताना बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, वरून दोघांना मिळून पांघरूण घाला. गारठलेल्या बाळाला ऑक्सिजन जास्त लागतो. १०८ ला फोन करा. बाळंतीण आणि आजारी नवजात बाळासाठी १०२ ची गाडीही मोफत आहे. दारव्ह्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, यवतमाळला १९८९ पासून वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शकुंतलेत बसून मूर्तिजापूर गाठण्याचे दिवस गेले.

या हंगामापासून शेतकी विभागाने एवढे ठरवले आहे. टोळीची नोंद घेताना कोयत्यांबरोबर गरोदर बायांची आणि त्यांच्या महिन्यांची नोंद होईल. सातव्या महिन्यापुढच्या बाईला दारव्ह्यापासून लांबच्या फडावर घालायचे नाही. रात्री-अपरात्री वाहनासाठी चिटबॉयला फोन करावा. खेप चुकली तरी त्याला किंवा ट्रॅक्टरवाल्याला कुणी जाब विचारणार नाही. हे आम्ही येथे लिहून देत आहोत म्हणजे पुढे वाद नको.

ते माघातले बाळ त्या दिवशी घरी गेले नाही. डॉक्टरांनी आजीलाच खुर्ची दिली आणि ऑक्सिमीटरचा आकडा दाखवून सांगितले, हा नव्वदच्या खाली आला की मला हाक मारायची. आजीला आकडे वाचता येत नव्हते. तिने पहिला आकडा कसा दिसतो तेवढा डोळ्यांत साठवला आणि रात्रभर राखण केली. दुसऱ्या दिवशी पेटी निघून नाकाला नळी आली, आठव्या दिवशी तीही निघाली. तीस दिवसांची तारीख कार्डावर होती, पण तोवर टोळी दुसऱ्या गटात गेली होती. चिटबॉय दोन फड पालथे घालून माय-लेकरांना मोटारसायकलवर घेऊन आला, एकोणतिसाव्या दिवशी. डोळ्यांत थेंब टाकून तपासले, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, पडदा पुरा वाढला, आता नाही आले तरी चालेल. गेल्या दिवाळीत उचल वाटायला तांड्यावर गेलो तर त्याने आमचे स्लिपबुक पळवून कणगीमागे लपवले होते, आणि ते सापडेपर्यंत मुकादमासह सगळे खोळंबून बसले होते.